आगगाडी म्हातारी कधी होते?

कोन हे गाव उल्हास नदीच्या भिवंडीकडच्या काठावर वसले आहे. दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण. कोनच्या विद्यार्थ्यांना आगगाडीचा इतिहास शिकवायचा असेल तर पुस्तक उघडण्याआधी त्यांना कल्याण स्टेशनाच्या पुलावर उभे करावे. मुंबईकडून आलेला लोहमार्ग तिथे दोन वाटांना फुटतो. एक वाट कसाऱ्याकडे, थळ घाट चढून नाशिक, भुसावळ, वऱ्हाड. दुसरी कर्जतकडे, भोर घाट चढून पुणे, दौंड, सोलापूर. कल्याणला पहिली गाडी १८५४ साली आली, भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला आणि थळ घाट १८६५ मध्ये.

या दोन्ही वाटांवर पुढे एकेक छोटे जंक्शन लागते. सोलापूरच्या वाटेवर कुर्डुवाडी, वऱ्हाडच्या वाटेवर मूर्तिजापूर. दोन्ही ठिकाणी मोठ्या गाडीतून उतरलेला प्रवासी एके काळी शेजारच्या फलाटावरच्या लहानशा गाडीत बसत असे. दोन्ही लहान गाड्या खाजगी कंपन्यांच्या मालकीच्या. दोन्हींच्या रुळांमधले अंतर सारखेच, अडीच फूट. दोन्ही कापसाच्या मुलखातल्या. तरीही त्यांची नशिबे इतकी वेगळी निघाली की एखाद्या प्रयोगशाळेत मुद्दाम मांडलेला प्रयोग वाटावा. जुनी झालेली गाडी बदलते कोण, आणि कधी? या प्रश्नाचे उत्तर शोधायला याहून चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

आधी कुर्डुवाडी. या स्टेशनाचे जुने नाव बार्सी रोड. बार्शी हे कापसाच्या व्यापाराचे गाव रेल्वेपासून वीस-बावीस मैल आत राहिले होते. बैलगाड्यांतून कापूस स्टेशनावर आणायचा, पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यात चाके रुतायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेत इंजिन खात्याचा निरीक्षक म्हणून इकडे आला होता. मोठ्या रेल्वेला माल आणून देणाऱ्या स्वस्त छोट्या रेल्वे बांधता येतील का, या विचाराने त्याला झपाटले. १८९५ मध्ये लंडनला बार्सी लाइट रेल्वे कंपनी नोंदवली गेली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली.

कॅलथ्रॉपची कल्पना समजायला बैलगाडीपासून सुरुवात करू. बैलगाडीला एकच आस असतो. गाडीत वीस मण माल भरला तर तो सगळा एका आसावर, म्हणजे दोन चाकांवर येतो. रस्ता मऊ असेल तर चाक रुतते. रस्ता रुताऊ आहे की नाही हे एकूण वजनावर ठरत नाही, एका चाकाखाली किती वजन येते त्यावर ठरते. रुळांचेही तेच. रूळ किती जाड हवा, खालचा पूल किती भक्कम हवा, हे मुख्यतः एका आसावरच्या भाराने ठरते. कॅलथ्रॉपने नियम घातला की त्याच्या रेल्वेवर इंजिन असो, डबा असो की मालवाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, आणि तो भार सर्व आसांवर सारखा वाटलेला असावा.

दिसायला साधा वाटणारा हा नियम त्या काळी नवा होता. तेव्हाच्या बहुतेक छोट्या रेल्वेंत डबे हलके आणि इंजिन मात्र जड असे. म्हणजे दिवसातून चार वेळा जाणाऱ्या इंजिनासाठी सगळा मार्ग भक्कम करायचा, आणि वाघिणी अर्धवट भरून चालवायच्या. दोन्हींकडून तोटा. भार सारखा वाटल्यावर बार्शीच्या मार्गाला वाराला तीस पौंड वजनाचा रूळ पुरला. आजच्या मापात मीटरला साधारण पंधरा किलो. वर्गात हिशेब करून पाहा: दोन रूळ, एक किलोमीटर, म्हणजे तीस टन पोलाद. त्या काळच्या मोठ्या मार्गांवरचे रूळ याच्या दुपटी-अडीचपटीने जड असत. किलोमीटरमागे वाचणारे पोलाद गुणिले मार्गाची लांबी, हा आकडा कंपनीच्या भागधारकांना फार प्रिय होता.

आता अडचण इंजिनाची. हलके इंजिन जड गाडी ओढणार कसे? इंजिन ओढते ते चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणाच्या जोरावर. ज्या चाकांना वाफेचा जोर मिळतो, त्या जोडचाकांवर जितके वजन, त्याच्या साधारण एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश इतकी ओढ मिळते. त्याहून जास्त जोर लावला तर चाक जागीच गरगरते. म्हणून कॅलथ्रॉपने लीड्सच्या किटसन कारखान्याकडून जी पहिली पाच इंजिने बनवून घेतली, त्यांना आठ जोडचाके होती आणि मागे चार साधी चाके. रेल्वेच्या भाषेत हे ०-८-४: पुढे शून्य, मध्ये आठ, मागे चार. आठ चाके म्हणजे चार आस, चार गुणिले पाच म्हणजे वीस टन. ओढ किमान चार टन. आता शंभराला एक असा चढ घ्या. तिथे टनामागे चढाचा विरोध दहा किलो आणि चाकांचा अंगचा विरोध पाचेक किलो धरला, तर चार टनांची ओढ इंजिन धरून अडीचशे टनांहून अधिक गाडी हलवू शकते. हिशेब ढोबळ आहे, पण तीस टनांच्या इंजिनाला हे जमते हे मुलांना फळ्यावर दिसले की त्यांचे डोळे चमकतात.

वाघिणींनाही तीच शिस्त. दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या तळचौकटी, सगळ्यांची लांबी पंचवीस फूट. चौकट हलकी झाली की आसावरच्या पाच टनांतला जास्तीत जास्त वाटा मालाला मिळतो. हे सारे सामान इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम टाकलेल्या मार्गावर चालवून पाहिले होते. इंग्लंडमध्ये पुढे १९०४ मध्ये सुरू झालेली लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे बार्शीच्या धर्तीवर बांधली गेली. बार्शीचे नाव असे परदेशातल्या अभियंत्यांच्या तोंडी गेले, हे बार्शीकरांनाही फारसे ठाऊक नसते. (याच कॅलथ्रॉपने आपला मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात गेल्यानंतर विमानातून उडी मारण्याची हवाई छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला. पहिल्या महायुद्धात ती वापरली गेली. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

याच माणसाचा हात आपल्याला आणखी जवळ दिसतो. कल्याणहून कर्जतकडे जाताना लागणाऱ्या नेरळला माथेरानची गाडी उभी असते. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तिथे प्रश्न वजनाचा कमी आणि वळणांचा जास्त होता. तिच्या चार वाफेच्या इंजिनांच्या टोकाच्या चाकांचा आस पोकळ होता, आतल्या भरीव आसाभोवती तो थोडा सरकू शके. म्हणून सहा जोडचाकांचे इंजिन डोंगराच्या कुशीतल्या वळणांवर अडकत नसे.

परत बार्शीकडे. मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला पोचला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. वारीच्या दिवसांत ही गाडी वारकऱ्यांनी ओसंडून जाई, तर हंगामात कापसाच्या गाठींनी. वाहतूक वाढली तशी जुनी इंजिने अपुरी पडू लागली आणि कंपनीने नवी घेतली. मिरजेचा मार्ग पूर्ण होण्याच्या सुमारास मँचेस्टरच्या नॅस्मिथ विल्सन कारखान्याची २-८-२ जातीची इंजिने आली. इथेही जोडचाके आठच. इंजिन बदलले, पण कमी भाराचे सूत्र कायम राहिले.

कंपनीने नवी इंजिने घेतली याचे श्रेय मी केवळ तिच्या शहाणपणाला देणार नाही. मार्ग तिचा, इंजिने तिची, गाडी चालवणारी तीच, तिकिटाचा पैसाही तिच्याच पेटीत. जुने इंजिन वाटेत बंद पडले तर नुकसान तिचे. नवे इंजिन जास्त वाघिणी ओढू लागले तर फायदाही तिचाच. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे विकत घेऊन मध्य रेल्वेत सामील केली. त्यानंतरही मालक आणि चालक एकच राहिला, फक्त आता तो सरकार होता.

आता कल्याणहून दुसरी वाट धरू. मूर्तिजापूरहून एक छोटा मार्ग उत्तरेला अचलपूरपर्यंत जातो, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरा आग्नेयेला यवतमाळपर्यंत, सुमारे ११३ किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, आणि बोटीने थेट मँचेस्टर. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही मालमत्ता. लोकांनी मात्र तिला आपले नाव दिले, शकुंतला. नावाचे मूळ काहीही असो, पुढे तिच्या वाट्याला आलेली विस्मृती पाहता ते चपखल बसले.

बार्शी आणि शकुंतला यांच्यातला खरा फरक कागदावरचा होता. शकुंतलेचा मार्ग कंपनीचा, पण गाड्या चालवायच्या जी.आय.पी. रेल्वेने. उत्पन्नातला ठरलेला हिस्सा मालक कंपनीला द्यायचा. हिंदुस्थानात अशा कराराच्या रेल्वे पुष्कळ होत्या. खुद्द जी.आय.पी. सुद्धा एके काळी करारावरच उभी होती. १८४९ च्या करारात तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. कमाई कमी पडली तर भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या सारामधून. काटकसर करण्याचे कंपनीला कारण काय? सरकारने ती १९०० मध्ये विकत घेतली आणि १९२५ मध्ये तिचा कारभारही हाती घेतला. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेचा भाग झाली. शकुंतला चालवण्याचे काम असे मध्य रेल्वेकडे आले. मार्ग मात्र कंपनीचाच राहिला.

१९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले. ते निवृत्त झाले १५ एप्रिल १९९४ रोजी. वय वर्षे त्र्याहत्तर! त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

त्र्याहत्तर वर्षे एखादे यंत्र चालते कसे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच. वाफेचे इंजिन हे आजीच्या खाटेसारखे असते. कधी पाय बदलला, कधी नवार बदलली, खाट तीच. बॉयलरमधल्या नळ्या क्षारांनी आणि उष्णतेने खराब होतात, त्या काढून नव्या ठोकायच्या. चाकावरची पोलादी धाव झिजते, ती तापवून उतरवायची आणि नवी तापवूनच चढवायची. गार झाली की आकसून घट्ट बसते, बैलगाडीच्या धावेसारखीच. दांड्यांच्या टोकांतले पितळी बेअरिंग पुन्हा ओतता येते. हाताशी चांगला फिटर, भट्टी आणि लेथ असले की बरेचसे काम शेडमध्येच भागते. त्यामुळे वाफेचे इंजिन 'संपले' असे नेमके कधी म्हणायचे ते त्याच्या लोखंडावरून सांगता येत नाही. ते संपते हिशेबाच्या वहीत.

त्या वहीतले एक पान उघडू. रेल्वेत घसारा निधी नावाची गोष्ट असते. भारतीय रेल्वेचा अर्थसंकल्प १९२४ मध्ये सरकारी अर्थसंकल्पापासून वेगळा काढला गेला, तेव्हापासून हा निधी नियमाने ठेवला जाऊ लागला. कल्पना सोपी आहे. समजा इंजिनाची किंमत चाळीस हजार रुपये आणि आयुष्य चाळीस वर्षे. तर दर वर्षी कमाईतले हजार रुपये बाजूला टाकायचे. चाळीस वर्षांनी नव्या इंजिनाचे पैसे तयार. (भाववाढ धरली तर हजार पुरत नाहीत. वरच्या वर्गात हा भाग चक्रवाढ व्याजाच्या जोडीने घ्यावा.)

आता कराराचा प्रश्न घ्या. तुमच्या हातात रेल्वे आहे, पण करार दहाच वर्षे उरला आहे, पुढे काय ते ठाऊक नाही. चाळीस हजारांचे इंजिन घेतले तर दहा वर्षांत त्यातले दहा हजार वसूल होणार. उरलेल्या तीस हजारांचे काय? शहाणा माणूस नवे इंजिन घेत नाही, जुन्याची एक नळी बदलतो. आणखी गुंता म्हणजे मालक एक आणि चालक दुसरा. रूळ आणि स्लीपर नवे टाकले तर गाडी वेगाने धावेल, प्रवासी वाढतील. पण रूळ कंपनीचे आणि चालवण्याचा भार रेल्वेचा. रेल्वेने दुसऱ्याच्या मार्गावर पैसा का ओतावा? आणि ठरलेला हिस्सा घरबसल्या मिळत असताना कंपनीने तरी का ओतावा? दोघांपैकी कुणाला दुष्ट ठरवण्याची गरज नाही. माझ्या मते दोष त्या कागदाचा होता. भाड्याच्या घराला रंग कोणी द्यायचा यावरून वर्षानुवर्षे चालणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

शकुंतलेविषयी वर्तमानपत्रांत एक मथळा पुन्हा पुन्हा येत असे, 'भारत अजूनही ब्रिटिशांना रेल्वेचे भाडे देतो'. वाचायला चटकदार, पण खरे नव्हे. किलिक निक्सन ही पेढी ब्रिटिशांनी स्थापलेली असली तरी स्वातंत्र्यानंतर ती भारतीय हातांत आली. मुद्दा गोऱ्या-काळ्याचा नव्हता. मालक कोणत्याही देशाचा असता तरी त्या करारात रूळ बदलण्याचे कारण कुणापाशीच नव्हते.

१९९४ मध्ये इंजिन बदलले, पण खालचा मार्ग होता तसाच राहिला. नवे इंजिन जुन्या रुळांवर ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे नेता येईना. गाडीत माणसे मोजकी, एकच कर्मचारी तिकिटे देणार, उतरून फाटक लावणार आणि पुन्हा गाडीत चढणार. तरीही आसपासच्या खेड्यांतल्या मजुरांना आणि विद्यार्थ्यांना ती बसपेक्षा पुष्कळ स्वस्त पडे. २०१० नंतरच्या दशकात दोन्ही फाट्यांवरच्या गाड्या थांबल्या. मार्ग ब्रॉडगेज करावा ही मागणी होत राहिली, घोषणाही झाल्या. दरम्यान वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारा निराळाच ब्रॉडगेज मार्ग आखला गेला. त्याचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ मध्ये खुला झाला.

तुलना करताना एक सावधगिरी हवी. करार हे एकमेव कारण नव्हे. बार्शीच्या मार्गाची टोके मिरज आणि लातूर, मध्ये कुर्डुवाडीला सोलापूरचा मुख्य मार्ग, वर पंढरपूर. असा मार्ग सरकारला कधीतरी रुंद करावाच लागला असता. शकुंतलेच्या दोन्ही वाटा मात्र पुढे कुठेच जोडलेल्या नव्हत्या. शिवाय दोन्ही छोट्या रेल्वेंना एक समान दुखणे होते. जंक्शनवर प्रत्येक गाठ छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावी लागे. हमाली, वेळ, मोडतोड. कॅलथ्रॉपने लीक अँड मॅनिफोल्डवर मोठी वाघीण उचलून छोट्या गाड्यावर ठेवण्याची युक्ती केली होती, पण मालमोटारी आल्यावर सगळ्याच युक्त्या तोकड्या पडल्या. जिनिंगच्या दारातून माल उचलून थेट मुंबईला नेणाऱ्या ट्रकशी अडीच फुटी गाडी कशी लढणार?

मालक वेगळा आणि चालक वेगळा असला की गाड्या म्हाताऱ्याच होतात, असाही निष्कर्ष काढू नये. आज ब्रिटनमध्ये रूळ एका सार्वजनिक संस्थेचे आणि त्यांवर काही स्वतंत्र कंपन्या आपल्या गाड्या चालवतात. ग्रँड सेंट्रल ही त्यांतली एक. २००७ पासून ती लंडनहून संडरलंड आणि पुढे ब्रॅडफर्डकडे गाड्या चालवते. तिच्या डिझेल गाड्या सन २००० च्या सुमाराच्या, वारंवार नादुरुस्त होणाऱ्या. गाड्या भाड्याने देणारी कंपनी कोट्यवधी पौंड गुंतवायला तयार होईना, कारण ग्रँड सेंट्रलचा मार्ग वापरण्याचा हक्क थोड्याच वर्षांचा होता. नियामकाने तो हक्क २०३८ पर्यंत वाढवून दिल्यावर २०२५ मध्ये हिताचीकडे नऊ नव्या गाड्यांची मागणी नोंदवली गेली. आपल्या चाळीस हजारांच्या इंजिनाचे गणित पुन्हा मांडून पाहा. फक्त दहाच्या जागी जास्त वर्षे घाला.

बार्शीच्या मार्गाचे शेवटचे पान अजून राहिले. सन २००० नंतरच्या दशकात तो टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. आधी कुर्डुवाडी ते पंढरपूर, मग लातूरचा भाग आणि शेवटी मिरजेचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी संपले. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांच्या गाडीने पंचवीस लाख लिटर आणले. एका टाकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचेच पन्नास टन. चार आसांवर वाटले तर प्रत्येकावर साडेबारा टन, टाकीचे स्वतःचे वजन वेगळे. कॅलथ्रॉपच्या तीस पौंडी रुळांवर, पाच टनांच्या मर्यादेत, तेवढेच पाणी न्यायला किती वाघिणी लागल्या असत्या? वाघिणीचे स्वतःचे वजन पाच टन धरा, आणि हे गणित विद्यार्थ्यांना घरी करायला द्या.